कपबशीचा सूचक

जिल्हा परिषदेच्या निवडणुकीत अपक्षांना चिन्हांचे वाटप झाले त्या दुपारी आमच्या उमेदवाराला कपबशी मिळाली आणि त्याला अतोनात आनंद झाला. प्रत्येक घरात असलेली, म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही चटकन ओळखू येणारी वस्तू. शिवाय पत्रकावर छपाई कितीही वाईट झाली तरी ती कपबशीच दिसणार. या चिन्हाचा माझ्या पित्ताशी काही संबंध येईल, हे मात्र त्या दिवशी माझ्याही ध्यानात आले नाही.

उमेदवार २४ वर्षांचा आणि माझाच विद्यार्थी. राज्यात जिल्हा परिषदा १ मे १९६२ रोजी सुरू झाल्या आणि त्याच वर्षी मी पहिलीत बसलो, म्हणजे परिषदेचा आणि माझा श्रीगणेशा बरोबरच झाला. पुढे तिच्याच शाळांतून मी ३६ वर्षे खडू झिजवला. १९८१ मध्ये रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा झाला तेव्हा पगारपत्रकावरचे जिल्ह्याचे नाव बदलले, डस्टर मात्र तेच राहिले. इतक्या जुन्या घरोब्यानंतर आपला एखादा विद्यार्थी परिषदेच्या सभागृहात बसावा असे कोणत्याही मास्तराला वाटेल. म्हणूनच तो उमेदवारी अर्जावर सूचक म्हणून माझी सही मागायला आला तेव्हा मी चष्मा शोधायलाही थांबलो नाही. सूचकाचे काम सही केल्यावर संपते, अशी माझी समजूत होती.

खरे पाहता ही निवडणूक त्याच्यासाठीच थांबली होती, असे त्याची आई सांगते. मागची निवडणूक २०१७ च्या फेब्रुवारीत झाली, मार्च २०२२ मध्ये मुदत संपली आणि कारभार प्रशासकांकडे गेला. त्या वेळी मुलगा २० वर्षांचा होता आणि उभे राहायला २१ पूर्ण लागतात. मग निवडणूक पुढे जात राहिली, मुलगा वाढत राहिला, आणि अखेर आरक्षणाच्या सोडतीत आमचा गट, म्हणजे मतदारसंघ, सर्वसाधारण निघाला तेव्हा त्याला मिशीही नीट आली होती. अर्ज भरताना १२ सप्टेंबर २००१ नंतर दोनपेक्षा अधिक अपत्ये झालेली नाहीत, असे त्याला प्रतिज्ञेवर लिहून द्यावे लागले. तो स्वतः त्या तारखेनंतर जन्मलेला आणि अद्याप अविवाहित. पण लिहिताना त्याचा चेहरा असा गंभीर होता की मला उगाचच शंका आली.

जिल्हा परिषदेचा एक गट म्हणजे पंचायत समितीचे दोन गण, आणि देवगड तालुक्याच्या किनाऱ्याकडे दोन गण म्हणजे डोंगराच्या उतारावर, खाडीच्या काठावर आणि कातळाच्या पलीकडे विखुरलेल्या असंख्य वाड्या. घरातून घरात जायचे तर पाखाडी उतरायची, वहाळावरचा साकव ओलांडायचा आणि पुन्हा तितक्याच पायऱ्या चढायच्या. या मुलाला नावाने कोणी ओळखत नाही. त्याचे आजोबा पोस्टमन होते आणि मुंबईहून येणाऱ्या मनिऑर्डरी घरपोच करीत, त्यामुळे प्रत्येक उंबरठ्यावर पहिला प्रश्न ठरलेला असे, "पोस्टमनाचो नातू मां रे तू?" हा होय म्हणे. मग माझ्याकडे बघून, "आणि गुरुजी, तुमी ह्या वयात खंय फिरतास?" आणि माझे उत्तर ऐकून घेण्यापूर्वीच बाई चुलीकडे वळलेली असे.

पहिल्या घरी मी सौजन्याने नको म्हणून पाहिले. यजमान म्हणाले, "कपबशी घेवन इलास आणि चाय न घेता जातास? मगे आमी मत काय रिकाम्या कपात घालू?" उमेदवाराने माझ्याकडे असे पाहिले की मी निमूट बशी उचलली. त्या दिवशी २३ घरे झाली आणि १९ कप झाले. उरलेल्या चार घरांतली माणसे कलमांच्या बागेत फवारणीला गेली होती, त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

सबबी निरुपयोगी ठरतात, हे दुसऱ्या दिवशी कळले. सबबीने चहा टळत नाही, केवळ त्याची कृती बदलते. पित्त होते म्हटले की कोरा चहा येतो, त्यावर गवती चहाचे एक लांब पाते होडीसारखे तरंगत असते. साखर वर्ज्य आहे म्हटले की गुळाचा येतो. दूध सोसत नाही असे एका घरी म्हणालो, तर त्या माउलीने शेजारच्या घरून शेळीचे दूध आणवले, कारण ते "हलका असता". त्यातही आम्ही प्रतिष्ठित पाहुणे, म्हणून मुंबईच्या मुलाने दिलेला ठेवणीतला सेट ट्रंकेतून निघे. सोनेरी काठ, निळी फुले आणि पहिल्या घोटाला डांबराच्या गोळीचा वास. तो वास दोन घोटांत जातो, हे आता मी अनुभवाने सांगू शकतो.

एक समाधान मात्र होते. एका घरी आमच्या आधी प्रतिस्पर्धी उमेदवार येऊन गेले होते आणि पडवीत त्यांचे कप तसेच पडलेले होते. बिचाऱ्यांना प्रत्येक घरी आमचेच चिन्ह हातात धरून, त्याला ओठ लावून आपल्या चिन्हासाठी मते मागावी लागत होती.

चहा उकळेपर्यंत गाऱ्हाणी चालत. परिषदेकडे प्राथमिक शाळा, आरोग्य केंद्रे, गावांतले रस्ते, नळपाणी असली खाती आहेत, हे उमेदवाराने पाठ केले होते आणि तो ते मी शिकवलेल्या सुरात म्हणूनही दाखवी. मतदार शांतपणे ऐकून घेत आणि म्हणत, "ता सगळा ऱ्हवांदे. वांदरांचा काय करतलास ता सांग." वानर हा वनखात्याचा विषय आहे, असे त्याने एकदाच सांगितले. त्यावर त्या गृहस्थांनी परसातल्या केळीचे नुकसान दाखवण्यासाठी आम्हांला उन्हातून वर नेले आणि परत आल्यावर चहा निवला म्हणून दुसरा टाकला. तेव्हापासून वानरे, महामार्ग, मोबाईलचा टॉवर, जे जे निघेल ते तो वहीत उतरवू लागला. म्हाताऱ्या बायकांचा प्रश्न वेगळाच असे. "लगीन झाला काय?" नाही म्हटल्यावर त्या माझ्याकडे पाहत, जणू हा विषय मी शिकवायचा राहून गेला होता.

रात्री खर्चाचा हिशोब लिहिण्याचे कामही माझ्याचकडे आले. पत्रके, पेट्रोल, रिक्षेवरचा भोंगा यांसाठी रकाने आहेत. मतदाराने सूचकाला पाजलेल्या चहासाठी रकाना नाही, अन्यथा खर्चाची मर्यादा आम्ही दुसऱ्याच दिवशी ओलांडली असती.

शेवटच्या दिवशी शेवटचे घर बंदराच्या अंगाला, माडांच्या मागे होते. सूर्य पाण्याला टेकला होता आणि माझ्या पोटात खाडीची भरती होती. आजी एकटीच होती. तिने आले ठेचले, म्हशीचे दाट दूध घातले आणि कानतुटक्या कपांत चहा आणला. पोस्टमनने तिच्या लग्नानंतरची पहिली मनिऑर्डर कशी भर पावसात आणून दिली, हे तिने सविस्तर सांगितले. मुलाच्या पाठीवरून हात फिरवला. उमेदवाराने संधी साधून हात जोडले आणि मतदानाची तारीख सांगितली.

"पोरगो गुणाचो आसा," आजी मला म्हणाली. "पण बाबा, माझा नाव गेल्या वर्षी झिलान डोंबिवलीक नेल्यान."

क्षणभर कोणीच बोलले नाही. मग उमेदवाराने वही मिटली, टोपी काढून बाजूला ठेवली, भिंतीला टेकून ऐसपैस मांडी घातली आणि त्या पंधरवड्यात प्रथमच स्वतःहून म्हणाला, "आजये, आणि अर्धो कप आसा काय?"