अकरावीचं कॉलेज निवडावं तर असं

दहावीचा निकाल लागला, पेढे वाटून झाले, आता मुलाला कॉलेज निवडायचंय. मुलाला म्हणजे अर्थातच तुम्हाला. त्याला विचारत बसू नका. सोळा वर्षांच्या पोराला काय कळतंय? तुम्हाला सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सगळं कळलेलं आहे.

ऑनलाइन अर्जात दहा पसंतीक्रम भरता येतात. पहिल्या क्रमांकावर डोळे मिटून फर्ग्युसन टाका. गेल्या वर्षीचा कट-ऑफ बघणं हे भित्र्या माणसाचं लक्षण, आणि पोराला ८३ टक्के आहेत हा निव्वळ तपशील. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळूनही प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर पडावं लागतं म्हणे. पण तो नियम मिळणाऱ्यांसाठी. तुम्हाला मिळणारच नाही. ‘आम्ही फर्ग्युसनच भरलं होतं हो, थोडक्यात हुकलं’, हे वाक्य मात्र लग्नकार्यात निदान दोन वर्षं पुरतं.

मग प्रत्यक्ष कॉलेज बघायला जा. फिजिक्स कोण शिकवतं, असं विचारून कुणाला अवघडल्यासारखं करू नका. पार्किंग बघा. सोळाव्या वर्षी पन्नास सीसीच्या वरची गाडी चालवायला लायसन्स मिळत नाही, हे तुम्हाला माहीत आहे, पण अ‍ॅक्टिव्हा दारात उभी आहे आणि पीएमपीच्या बसला तर आपल्या घरातलं कुणी चढत नाही. फाटकावर ‘नॅक’ची, म्हणजे कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या संस्थेची, श्रेणी मोठ्या अक्षरांत लावलेली असली तर फोटो काढून ग्रुपवर टाका. ती श्रेणी वरिष्ठ महाविद्यालयाची असते, अकरावी-बारावीची नव्हे, हे सांगायला कुणीतरी येईलच. त्याला म्यूट करा.

अर्थात, हे सगळं जुन्या वळणाच्या लोकांसाठी. पुण्यात आता खरं कॉलेज तेच, जिथे जावं लागत नाही. त्याला ‘इंटिग्रेटेड’ म्हणतात. नाव एका कॉलेजात, पोरगं दिवसभर क्लासमध्ये, हजेरी कागदावर आणि फी दोन्हीकडे. ग्रंथालय कसं आहे, मैदान आहे का, प्रयोगशाळेत सामान आहे की नुसती कुलपं, अशा चौकशांतून कायमची सुटका. कॉलेज नेमकं कुठे आहे ते बारावीच्या प्रॅक्टिकलच्या दिवशी सकाळी गूगल मॅपवर शोधावं. त्याआधी शोधणारे पालक जरा संशयी स्वभावाचे असतात. क्लासच्या फ्लेक्सवरचे टॉपर मात्र नीट बघून ठेवा. तेच चेहरे समोरच्या क्लासच्या फ्लेक्सवरही दिसले, तर मुलं फारच हुशार आहेत एवढाच अर्थ घ्यायचा.

आता एक नाजूक बाब. पोरगं मध्येच म्हणेल, ‘बाबा, मला एस.पी.ला आर्ट्स घ्यायचंय. पुरुषोत्तम करंडकाला एकांकिका करायचीय.’ घाबरू नका. आधी आईला रडू द्या. मग आत्याला फोन लावून द्या. एवढं करूनही ऐकलं नाही तर घ्या प्रवेश, पण नातेवाइकांत ‘आर्ट्स’ हा शब्द काढायचा नाही. ‘यूपीएससीचा पाया घालतोय’ म्हणायचं. सदाशिव पेठेत याच्यापुढे कुणी काही विचारत नाही. उद्या रात्री दोन वाजता तो गॅलरीत उभा राहून एकांकिकेतले संवाद ओरडायला लागला आणि खालच्या मजल्यावरचे काका वर आले, तर सांगा, चालू घडामोडी पाठ करतोय.