वरातीमागून सहा हजार घोडे

तुमच्या सैन्याची पिछेहाट सुरू झाली आहे? नकाशावरच्या टाचण्या रोज एकेक बोट मागे सरकताहेत? घाबरू नका. तोफा, पेट्रोल, माणसं यांची जुळवाजुळव करत बसणं हे सेनापतींचं काम. तुम्ही प्रचारमंत्री आहात. तुम्ही सिनेमा काढा.

गुरू करायचा तर हिटलरचा प्रचारमंत्री योसेफ गोबेल्स यालाच करा. स्टालिनग्राडला जर्मनांची अख्खी सहावी सेना बुडून जेमतेम चार महिने झाले होते. १ जून १९४३ला या गृहस्थाने दिग्दर्शक फाइट हार्लानला पत्र धाडलं. कोलबर्गच्या वेढ्यावर भव्य चित्रपट कर. घर आणि आघाडी एक झाली की कुठलाही शत्रू नमतो, हे लोकांना दाखव. आणि सैन्य, सरकार, पक्ष, ज्याची म्हणून मदत लागेल ती हक्काने माग. पेट्रोल मागणाऱ्या सेनापतींना असं पत्र कधी मिळालं नसावं.

गाव निवडताना मात्र डोकं वापरा. कोलबर्ग हे बाल्टिक किनाऱ्यावरचं प्रशियाचं तटबंदीचं गाव. १८०७मध्ये नेपोलियनच्या फौजेने त्याला वेढा घातला आणि गावाने तो काही महिने खरोखरच सोसला. शेवटी २ जुलैला तहाची बातमी आली म्हणून तोफा थांबल्या. गाव वाचलं, पण प्रशिया ते युद्ध हरला होता. टिलसिटच्या तहात त्याचा जवळपास अर्धा मुलूख गेला. तुम्हाला हे अडचणीचं वाटेल. अहो, हीच तर सोय आहे! कॅमेरा गावाच्या वेशीपलीकडे न्यायचाच नाही. सिनेमात फ्रेंच वैतागून तोफा बंद करतात, घंटा वाजतात, संपलं. पडलो तरी नाक वर म्हणतात ते हेच, आणि इथे तर नाकाचा रंगीत क्लोजअप आहे.

नायक म्हणून जनतेतला म्हातारा घ्या. नेटेलबेक हा जुना खलाशी त्यासाठी नामी सापडला. त्याने आत्मचरित्र लिहून ठेवलं होतं आणि त्यात स्वतःकडे कमीपणा घेण्याचा दोष नव्हता. तरुणपणी तो गुलामांची ने-आण करणाऱ्या जहाजांवर होता, तेवढं पान उलटून पुढे जा. ‘शरण गेलो तर माणसं वाचतील’ असं म्हणणारा एखादा अधिकारीही हवाच. त्याला बावळट आणि भित्रा दाखवा. इतिहासातला किल्लेदार लुकाडू इतका नेभळट नव्हता, पण तो कुठे फिर्याद घेऊन येणार आहे? शिवाय व्हायोलिन वाजवणारा एक हळवा तरुण ठेवा. पुराच्या पाण्यातून व्हायोलिन वाचवायला गेला आणि बुडाला, एवढंच त्याचं काम. संगीताची आवड असणाऱ्यांनी काय तो बोध घ्यावा. (याच वेढ्यावर पाउल हायझेचं एकोणिसाव्या शतकातलं नाटक होतं. हायझे नोबेलविजेता, पण त्याची आई ज्यू. मग श्रेयनामावलीत त्याला जागा कुठली? उचलायचं आणि ओळख द्यायची नाही, हा शिष्टाचार पाळा.)

नायिकेच्या भूमिकेसाठी दिग्दर्शकाची पत्नी उपलब्ध असतेच. क्रिस्टिना सोडरबाउम आधीच्या चित्रपटांत इतक्यांदा बुडून मेली होती की लोकांनी तिला ‘राइखचं (म्हणजे जर्मन साम्राज्याचं) पाण्यातलं प्रेत’ अशा अर्थाचं टोपणनाव ठेवलं होतं. इथे ती जिवंत राहते, बाकी सगळं घर मरतं. मग म्हातारा तिला समजावतो की मोठ्या गोष्टी वेदनेतूनच जन्माला येतात. हे वाक्य नेहमी अशाच माणसाच्या तोंडी द्या ज्याच्या घरचं कोणी मेलेलं नाही.

आता खर्च. इथे हात आखडलात तर सगळं मुसळ केरात. हार्लानने पुढे आत्मचरित्रात लिहिलं की त्याला १ लाख ८७ हजार सैनिक आणि ६ हजार घोडे मिळाले, आणि बर्फ दाखवायला रेल्वेच्या शंभर वाघिणी भरून मीठ आलं. अभ्यासकांना सैनिकांचा आकडा पटत नाही. आत्मचरित्रातल्या सैन्याला रेशन लागत नाही, त्यामुळे ते वाढत जातं. पण आघाडीवर माणूस मिळेना तेव्हा नेपोलियनच्या काळचे गणवेश घालून शिपाई कॅमेऱ्यासमोर पळत होते, हे खरंच. ज्या मिठाला जागायचं ते मीठ रस्त्यावर पसरलं होतं.

चित्रीकरण झालं की कात्री घ्या. गोबेल्सने रक्त आणि आक्रोश जास्त झाल्याचं पाहून बरेच प्रसंग कापायला लावले. प्रेक्षकाने मरायला तयार व्हायला हवं, पण मरण कसं दिसतं हे त्याला कळता कामा नये. प्रेक्षक बिथरतात.

या सगळ्याला वेळ लागतो. चित्रपट झळकला ३० जानेवारी १९४५ला, हिटलर सत्तेवर आला त्याला बरोबर बारा वर्षं झाली त्या दिवशी. एक खेळ बर्लिनमध्ये. दुसरा फ्रान्सच्या किनाऱ्यावर ला रोशेलला, जिथे जर्मन तुकडी स्वतःच वेढ्यात अडकली होती. तिच्यासाठी विमानातून पॅराशूटने फिल्मचे डबे टाकले. वेढ्यातल्या माणसांना आकाशातून वेढ्याचा सिनेमा, याहून मोठी रसद कोणती? त्याच रात्री पोमेरेनियाच्या किनाऱ्यासमोर निर्वासितांनी खच्चून भरलेलं ‘विल्हेल्म गुस्टलॉफ’ जहाज सोव्हिएत पाणबुडीने बुडवलं. हजारो माणसं गेली. तो प्रसंग चित्रपटात नव्हता.

आणि मग मार्चमध्ये खुद्द कोलबर्गलाच वेढा पडला! या खेपेला रशियन आणि पोलिश फौजा होत्या. १८ मार्चला गाव पडलं. कच्चा मंत्री इथे गडबडला असता. आपल्या गुरूने काय केलं? लष्करी बातमीपत्रात कोलबर्ग पडल्याचा उल्लेख होणार नाही अशी तजवीज केली, कारण सिनेमावर त्याचा वाईट परिणाम झाला असता. गाव वाचवता आलं नाही, सिनेमा वाचवला. आज ते गाव पोलंडमध्ये आहे, कोवोब्झेग नावाने.

नटांची काळजी करू नका. नेटेलबेक झालेला हाइनरिश गेओर्ग १९४६मध्ये सोव्हिएत छावणीत मेला. दिग्दर्शकावर दुसऱ्या एका, ज्यूद्वेष्ट्या चित्रपटासाठी खटला चालला, तो निर्दोष सुटला आणि पुन्हा चित्रपट काढू लागला. तेव्हा निवड करायची वेळ आलीच तर कॅमेऱ्याच्या मागे उभे राहा.

उरली तुमची स्वतःची भूमिका. १७ एप्रिल १९४५ला, रशियन तोफा बर्लिनच्या दिशेने सरकत असताना, गोबेल्सने आपल्या खात्यातल्या लोकांना समजावलं की शंभर वर्षांनी या दिवसांवरही असाच देखणा रंगीत चित्रपट निघेल. तेव्हा तुम्ही पडद्यावर आलात की प्रेक्षकांनी शिट्ट्या मारून हुर्यो उडवायला नको, म्हणून आता टिकून राहा. चौदा दिवसांनी, १ मेला, त्याने आणि त्याच्या बायकोने जीव दिला. सहाही मुलांना त्याआधी विष दिलं गेलं होतं.

तो चित्रपट तुम्ही काढाल तेव्हा मुलांचा प्रसंग तेवढा कापा. प्रेक्षक बिथरतात.