घेणार असाल तरच फोडून देऊ म्हणे

आज डोकं फिरलंय म्हणून लिहितेय, लांबेल, सहन करा. आमच्या इकडे एक नवीन जागा उघडलीय, पुस्तकं प्लस फोटो गॅलरी प्लस कॉफी. भिंतीवरचे फोटो एक नंबर, ते कबूल. पण फोटोंची पुस्तकं झाडून सगळी प्लास्टिकमध्ये, आणि एक कॉलेजचा मुलगा त्यातलं एक उलटंपालटं करून बघत होता तर काउंटरवरून आवाज, "घेणार असशील तर फोडून देते." गेला बिचारा निघून.

मला शानभागच आठवले. मुंबईच्या स्ट्रँड बुक स्टॉल या पुस्तकांच्या दुकानाचे टी. एन. शानभाग. विद्यार्थी असताना एका दुकानात पुस्तकाला हात लावला म्हणून त्यांचा अपमान झाला होता, आणि त्या माणसाने काय केलं, तर १९४८ साली कोलाब्याच्या स्ट्रँड सिनेमात स्वतःचा स्टॉलच टाकला जिथे कुणीही पुस्तक उघडावं, चाळावं, पटलं तर घ्यावं. पुढे फोर्टात पीएम रोडला दुकान. ओळख असो नसो वीस टक्के सूट. नेहरूंपासून कलामांपर्यंत गिऱ्हाइकं, २००३ ला पद्मश्री, पुस्तकं विकणाऱ्या माणसाला!

मी तेव्हा फोर्टात नोकरीला नवीन, पगार म्हणजे नुसतं नाव. स्ट्रँडमध्ये फोटोग्राफर रघुबीर सिंगांचं मुंबईवरचं फोटोंचं पुस्तक होतं, मोठं, जड, माझ्या ऐपतीच्या पार बाहेर. लंच टाइममध्ये अर्धा डबा खाऊन पळायचे, पाच-सहा पानं बघायची, परत जागेवर. एकदा ते जागेवर नव्हतंच, माझा चेहरा पडला असणार, कारण तिथल्या एका काकांनी न विचारता खालून काढून हातात दिलं. "घाई नको, नीट बघ."

नरिमन पॉइंटच्या एनसीपीएत, म्हणजे नाटक-संगीताच्या त्या मोठ्या कलाकेंद्रात, पिरामल गॅलरी होती की, १९८८ पासून, खास फोटोग्राफीसाठी. पण माझ्यासारखी डोंबिवलीची मुलगी तिथे एकटी आत शिरेल? छे! माझी गॅलरी म्हणजे ते पुस्तक आणि ते काका. लाल रंग फोटोत कुठे ठेवायचा, गर्दीत कुणाच्या मागे उभं राहायचं, सगळं तिथे उभ्याउभ्या शिकले. आणि ते पुस्तक मी शेवटपर्यंत घेतलं नाही हं. दुसरी मात्र इतकी घेतली की कपाटाची फळी वाकली.

हो, हाताळून पुस्तक खराब होतं, फोटोबुकं महाग असतात, भुर्दंड दुकानदाराला, मान्य. मग एक कॉपी उघडी ठेवा ना! काउंटरवरच्या त्या मुलीवर राग नाही माझा, तिला वरून जे सांगितलं ते ती बोलली, पगार तिलाही हवाच.

आणि आपण तरी कुठले साजूक? २०१८ च्या फेब्रुवारीत स्ट्रँड बंद झालं तेव्हा याच वॉलवर किती रडलो सगळे, शेवटच्या सेलमध्ये पिशव्या भरून आणल्या, पण त्याआधी तिथेच उभं राहून मोबाईलवर किंमत बघणारे आणि घरी येऊन ऑनलाइन मागवणारे कोण होते? काकांनी असा हिशोब माझ्याशी केला असता तर?

असो. फोर्टातलं किताबखाना हे पुस्तकांचं दुकान आहे अजून, २०२० च्या आगीनंतरही परत उभं राहिलं, जीव थोडा शांत होतो. तुमच्या गावात फोटोंची पुस्तकं उघडून बघू देणारं दुकान असेल तर कॉमेंटमध्ये टाका, नाशिक, कोल्हापूर, पणजी, कुठलंही चालेल. फक्त ऑनलाइनच्या लिंका नकोत, प्लीज.