तुकडा फॉर्मलिनमध्ये टाकण्याआधी

मांडीवरची न दुखणारी कडक गाठ आधी कॅन्सर समजली गेली आणि शेवटी बुरशी निघाली, हे लेखात वाचलं. एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. बायोप्सीचा, म्हणजे तपासणीसाठी काढलेला, सगळाच्या सगळा तुकडा फॉर्मलिनमध्ये (ऊती टिकवणाऱ्या रसायनात) टाकू नका हो! त्यात बुरशी मरते, मग कल्चर (जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) कशाचं लावणार? थोडा भाग निर्जंतुक सलाइनमध्ये मायक्रोबायोलॉजीकडे पाठवा आणि फॉर्मवर ‘बुरशीची शंका’ असं स्पष्ट लिहा. म्यूकरच्या जातीची बुरशी वाटत असेल तर लॅबने तुकडा कुटू नये, बारीक काप करावेत. कुटल्यावर तिचे नाजूक तंतू तुटतात आणि अनेकदा काहीच उगवत नाही.

मायसेटोमात (बुरशी किंवा जिवाणूंमुळे होणारी, दाणेदार पू वाहणारी जुनाट गाठ) तर पू गॉजवर घेऊन नीट बघितला तरी बरंच कळतं. काळे दाणे दिसले तर बहुधा बुरशीच. पांढरे-पिवळे असतील तर जिवाणूही असू शकतात, आणि तिथे उपचारच बदलतो: जिवाणूंवर अँटिबायोटिक्स चांगली लागू पडतात, बुरशीला मात्र इट्राकोनॅझोल हे बुरशीविरोधी औषध महिनोन्‌महिने द्यावं लागतं, अनेकदा शस्त्रक्रियाही. मुलांमध्ये दिसणाऱ्या बॅसिडिओबोलस या बुरशीच्या गाठी बहुतेक वेळा नुसत्या औषधाने विरतात. म्हणून निदान हाती येईपर्यंत मोठी कापाकापी शक्यतो थांबवावी.