फुकट मागा, खुशाल मागा, पण...

बरेच दिवस हे लिहायचं होतं. मी देवनागरी सुलेखन करते आणि ऑनलाइन कुणी मागितलं तर नावं, कवितेच्या दोन ओळी, पत्रिकेचं शीर्षक असं फुकट करून देते, आवडतं म्हणून देते आणि पुढेही देणार आहे. त्यामुळे फुकट मागण्याबद्दल माझी तक्रार नाहीच. पण मागणाऱ्याने आणि त्याहून जास्त "हो देतो" म्हणणाऱ्याने थोडी रीत पाळायला हवी असं मला फार मनापासून वाटतं.

आधी आम्हा करणाऱ्यांचं. 27 फेब्रुवारी जवळ आली, म्हणजे कुसुमाग्रजांची जयंती, मराठी भाषा गौरव दिन, की नाशकात शाळा, वाचनालयं, सोसायट्या सगळ्यांना सुलेखन हवं असतं, मग रंगपंचमीला रहाडीची, म्हणजे रंग खेळायच्या जुन्या हौदांची, पोस्टरं, मग गणपती. अशा वेळी काही जण पोस्ट टाकतात, "नाव कमेंट करा, फ्री करून देतो". नावांचा ढीग येतो, पहिल्या थोड्यांना मिळतं आणि बाकीचे रोज येऊन बघत बसतात, त्यांना कुणी साधं "आता घेणं बंद केलंय" एवढंही सांगत नाही. हे मला अजिबात पटत नाही. कारण तुम्ही हो म्हटलंत की समोरच्याने दुसरीकडे विचारणं थांबवलेलं असतं, आणि 27 चं पोस्टर 28 ला मिळून तो काय करणार? नसेल जमत तर पहिल्याच दिवशी नाही म्हणा ना. नाही म्हटल्याने कुणी दुखावत नाही, दुखावतो तो "बघते, करते" म्हणून लटकवलेला माणूस. आणि एकदा घेतलंत तर पैसे देणाऱ्याचं जसं कराल तसंच करा, उरकून टाकलेलं देऊ नका.

आता मागणाऱ्यांनो. जे हवं ते एकदाच, नीट टाइप करून पाठवा. "श्रुती" की "श्रृती" हे मी ठरवायचं नसतं, आणि सगळं झाल्यावर "अगं ताई, आडनाव पण हवं होतं" म्हटलं की पूर्ण रचना परत मांडावी लागते, अक्षरांचा तोल प्रत्येक जोडाक्षराने बदलतो. मोबाइलवर बघायचंय की छापायचंय हेही आधीच सांगा. 12 बाय 18 इंचाची चांगली प्रिंट हवी तर 300 डीपीआयने, म्हणजे इंचाला 300 ठिपके धरून, 3600 बाय 5400 पिक्सेलची फाइल लागते, आणि ती व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पुढे ढकलली की बारीक होऊन जाते, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

आणि एकच काम एकाच वेळी तिघांना सांगू नका. एका मंडळाने तसं केलं होतं, आम्ही तिघीही एकमेकींना ओळखतो, बोलता बोलता कळलं. दोघींची मेहनत तशीच पडून राहिली आणि त्यांना साधं थँक्यूही नाही. त्यातली एक मैत्रीण आता फुकट काहीच करत नाही, आणि मी तिला दोष देणार नाही.

अजून एक, हे फार कमी जणांना माहीत असतं. फुकट मिळालं म्हणजे ते तुमच्या मालकीचं झालं असं नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात असं आहे की तुम्ही मोबदला देऊन चित्र किंवा पोर्ट्रेट काढून घेतलं आणि वेगळं काही ठरलं नसेल तर हक्क तुमचा. मोबदलाच दिला नसेल तर हक्क काढणाऱ्याकडेच राहतो, आणि हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी द्यावा लागतो. म्हणजे घरात लावायला फुकट घेतलेलं नाव उद्या दुकानाच्या पाटीवर, टी-शर्टवर टाकायचं असेल तर परत विचारायचं. बहुतेक जण हो म्हणतील हो! पण विचारा. आणि कोपऱ्यातली सही कापू नका, कलाकृती आपली आहे हे सांगायचा हक्क त्याच कायद्याच्या कलम 57 ने आम्हाला दिलाय.

करेक्शन एखाददुसरं मी आनंदाने करते. "जरा अजून भारी करा" हे करेक्शन नाही, काय बदलायचं ते सांगा.

माझी या महिन्याची यादी भरलीये. ज्यांना हो म्हटलंय त्यांचं वेळेत मिळेल, नवीन कुणाचं आत्ता घेत नाहीये. पुढच्या महिन्यात परत पोस्ट टाकेन, तेव्हा नाव, साइज आणि तारीख तिन्ही एकाच मेसेजमध्ये पाठवा.