गाडीसाठी हेड निवडण्याची सोपी रीत

मालवाहू गाडीचे इंजिन उघडले, हेड म्हणजे सिलिंडरांवर बसणारे झाकण तडकलेले निघाले आणि आता दुसरे घ्यायचे आहे, अशा वेळी इंदुरातल्या गाडीमालकाने इंजिनाचा क्रमांक आधी घरी विसरावा आणि मगच लोहा मंडी गाठावी. क्रमांक सोबत असला की दुकानदार नेमके तेच हेड पुढे ठेवतो आणि निवडीची सगळी मजाच जाते. ‘डिझेल, चार सिलिंडर’ एवढे सांगणे पुरे. काही जुन्या इंजिनांत ज्वलनाची लहान खोली हेडमध्येच असते, तर नंतरच्या बहुतेकांत ती पिस्टनच्या माथ्यात खोदलेली असते, त्यामुळे बोल्टची भोके जुळली तरी एकाचे हेड दुसऱ्याला चालत नाही, असे कोणी समजावू लागल्यास त्याला चहा पाजून वाटेला लावावे.

हेडची पारख रंगावरून करावी. चंदेरी रंग ताजा असेल, हाताला किंचित चिकटत असेल, तर उत्तमच. दोन व्हॉल्व्हच्या सीटांमधली, म्हणजे व्हॉल्व्ह मिटताना ज्यांवर टेकतात त्या कड्यांमधली, चिंचोळी पट्टी फार तापते, म्हणून तडा पुष्कळदा तिथेच जातो. तो केसाएवढाच असतो आणि रंगाखाली मुळीच दिसत नाही. पाण्याच्या वाटा बंद करून, हेड गरम पाण्यात बुडवून, आत हवा भरून बुडबुडे पाहणारे लेथवाले आहेत खरे. पाणी गरम अशासाठी, की थंडपणी मिटलेली फट तापल्यावर उघडते. पण जे दिसत नाही ते मुद्दाम उघडून पाहणे सभ्य माणसाला शोभत नाही.

फेसिंग, म्हणजे हेडची खालची बाजू घासून सपाट करणे, मात्र सढळ हाताने मारून घ्यावे. हेड जितके घासावे तितके व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतात आणि सीटा पुन्हा खोल कराव्या लागतात. पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो हे मोजून, हेड आणि ब्लॉक यांच्यामध्ये बसणाऱ्या गॅस्केटच्या कडेच्या खाचा किंवा भोके पाहून तिची जाडी ठरवणारे मिस्त्री असतात. त्यांच्याकडे आपले काम कशाला द्यावे?

आता हौशीचा भाग. हेडचे पोर्ट, म्हणजे हवा-धुराच्या वाटा, घासून मोठे आणि गुळगुळीत करून देणारा एखादा उस्ताद भेटला, तर संधी दवडू नये. ज्या इंजिनात डिझेल थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते, तिथे इनटेक पोर्टचा, म्हणजे हवा आत येण्याच्या वाटेचा, वाकडातिकडा आकार हा ओतणाऱ्याचा आळस नसून आत शिरणाऱ्या हवेला भोवऱ्यात फिरवण्यासाठी असतो आणि त्या फिरण्यामुळेच डिझेल हवेत नीट मिसळते. तो आकार उस्तादाने एकदा सपाट केला, पोर्ट रुंद झाल्याने हवेचा वेग इंजिनाच्या कमी फेऱ्यांवर आणखी मंदावला, की बुऱ्हाणपूरची केळी भरून खंडवा रोडवरचा भेरूघाट चढणारी गाडी काळा धूर सोडत अशी काही दम टाकते, की मागच्या वाहनांना आपल्या इंजिनात विशेष काम झाल्याचे आपोआप कळते. शर्यतीच्या गाडीला मोठे पोर्ट लागतात, कारण ती सदैव चढ्या फेऱ्यांवर पळते. आपली गाडी चोइथराम मंडीत, फळ-भाजीच्या बाजारात, रांगेत उभी असते. पण स्वप्ने पाहायला बंदी थोडीच आहे!

हेड बसवताना जुनेच बोल्ट वापरावेत, मग ते एकदाच ताणून कसण्यासाठी बनवलेले का असेनात. कसायला एका टोकापासून सुरुवात करावी. मधून बाहेरच्या बाजूला, टप्प्याटप्प्याने, टॉर्क पान्याने कसण्याची पद्धत पुस्तकात असते आणि तिला वेळ लागतो. त्यापेक्षा ड्रायव्हरला पाण्याचे दोन कॅन द्यावेत आणि रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडू नकोस, एवढे बजावून गाडी खंडवा रोडला लावावी.