चमचाभर तुपाने भूक मरत नाही, मावशी

आमच्या ठाण्याच्या नौपाड्यातल्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज चार वेळा आला. चौथ्यांदा पाठवणाऱ्या मावशी माझ्याच मजल्यावरच्या, म्हणून गप्प बसवेना. मेसेज थोडक्यात असा: ‘वजन कमी करण्याच्या महागड्या इंजेक्शनचं काम करणारे घरगुती उपाय. सकाळी उपाशीपोटी कोमट पाण्यात एक मोठा चमचा साजूक तूप, मग लिंबू-मध. दुपारी जेवणाआधी ॲपल सायडर व्हिनेगर. मधे भूक लागलीच तर मूठभर शेंगदाणे आणि सब्जाचं पाणी. भात, बटाटा, केळं कायमचं बंद. संध्याकाळी सातनंतर फक्त पाणी. भूक मरते, महिन्यात ५ किलो उतरतात.’ खाली जोडलेले हात आणि दहा जणांना पुढे पाठवण्याची विनंती.

पाच किलोपासूनच सुरू करते, कारण तिथे नुसता गुणाकार-भागाकार लागतो. अंगावरची एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७,७०० कॅलरी. पाच किलोच्या झाल्या ३८,५००. तीस दिवसांत वाटल्या तर रोज जवळपास १,२८० कमी खायच्या. माझ्यासारखी, दिवसभर खुर्चीत बसून काम करणारी पन्नाशीची बाई मुळात खर्चच करते अठराशेच्या आसपास. म्हणजे खायला उरल्या पाचशे, आणि त्यातल्या १३५ सकाळच्या तुपातच संपल्या. (पंधरा ग्रॅम तूप, ग्रॅमला नऊ कॅलरी.) पहिल्या आठवड्यात काटा झरझर खाली येतो हे खरं, पण त्यात पाण्याचा वाटा मोठा असतो.

आता तूपच घेऊ. तूप घेतलं की सकाळी भूक लागत नाही, हा मावशींचा अनुभव खोटा नाही. स्निग्ध पदार्थ जठरातून सावकाश पुढे सरकतात, त्यामुळे पोट जड वाटतं. पण तेवढ्याच कॅलरींत दुसरं काही खाल्लं असतं तर ते जास्त टिकलं असतं का, हे कुणी विचारतच नाही. सिडनी विद्यापीठात सुझाना होल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं हेच तपासलं आणि १९९५ मध्ये छापलं. ३८ पदार्थ, प्रत्येकाचा २४० कॅलरींचा वाटा, आणि खाल्ल्यावर दोन तास दर पंधरा मिनिटांनी विचारणा: पोट किती भरलेलं वाटतंय? पांढऱ्या पावाला १०० गुण धरले. सगळ्यात खाली आलं क्रोसाँ, म्हणजे लोण्याने थबथबलेली फ्रेंच खारीच म्हणा. त्याला ४७.

आणि सगळ्यात वर? उकडलेला बटाटा, ३२३ गुण. मेसेजमध्ये ज्याला ‘कायमचं बंद’ म्हटलंय, तोच. भाताला १३८, केळ्याला ११८, म्हणजे दोघेही पावाच्या वरच. संत्रं दोनशेच्या थोडं वर, सफरचंद थोडं खाली, मासे २२५, अंडी १५०. शेंगदाण्यांना मात्र ८४.

हे आकडे डोक्यावर घेऊन नाचू नका. एकेका पदार्थासाठी ११ ते १३ माणसंच होती, आणि मोजणी दोन तासांपुरती. पण बटाटा का जिंकला हे समजायला सोपं आहे. २४० कॅलरींचा उकडलेला बटाटा म्हणजे पाव किलोच्याही पुढे जाणारा ढीग नाही का होणार? होतोच: जवळपास पावणेतीनशे ग्रॅम, तीन मध्यम बटाटे. मीठ-जिरं लावून खाऊन बघा, तिसरा संपता संपत नाही. कॅलरी पोटाला कळत नाहीत, आकार कळतो. तोच बटाटा बेसनात बुडवून तळला आणि पावात घातला की हिशोब पार उलटतो. बटाट्याची बदनामी वड्याने केलेली आहे.

मीही हे तूप तीन आठवडे घेतलं होतं, लपवत नाही. साडेदहापर्यंत छान जायचं. मग ऑफिसात कुणाचा तरी वाढदिवस असायचाच. तीन आठवड्यांनी वजन पाऊण किलोने वाढलेलं होतं. तूप वाईट नाही हो, गरम वरणभातावर घ्या की. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनात २,००० कॅलरींच्या आहारात तेल-तूप मिळून दिवसाला २७ ग्रॅम धरलं आहे. उपाशीपोटीच्या एका चमच्यात त्यातलं निम्म्याहून जास्त गेलं, फोडणीला काय उरलं?

लिंबू-मध: लिंबू चरबी ‘कापत’ नाही, मध ही साखरच. पुढे.

व्हिनेगरवर थोडं थांबायला हवं, कारण त्याला ‘शास्त्रीय पुरावा’ म्हणून एक लिंक जोडलेली होती. व्हिनेगरने वजन उतरतं असं सांगणारा, लेबनॉनमधल्या तरुणांवरचा हा अभ्यास २०२४ मध्ये बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय प्रकाशन समूहाच्या एका नियतकालिकात आला आणि जगभर बातम्या झाल्या. २०२५ मध्ये समूहाने तो मागे घेतला. मूळ आकडेवारीत विसंगती निघाल्या आणि त्याच आकड्यांवरून तेच निष्कर्ष पुन्हा काढता आले नाहीत. बातमी फिरली, माघार फिरली नाही. व्हिनेगरने खाणं कमी होतं असं दाखवणारा याआधीचा एक ब्रिटिश अभ्यास आहे, पण त्यात कारणही सापडलं: प्यायल्यावर लोकांना मळमळत होतं. तसं तर एसटीच्या शेवटच्या सीटवर घाटातून नेलं तरी भूक जाते.

सब्जाला मी अर्धे गुण देईन. भिजला की त्याच्याभोवती बुळबुळीत आवरण धरतं, तो तंतुमय भाग असतो आणि पोटात जागा घेतो. जांभळी नाक्यावर कुठल्याही किराणा दुकानात मिळतो, परदेशी बियांच्या मानाने स्वस्तही. फक्त नीट भिजवून घ्या, कोरडा गिळू नका, घशात अडकतो. आणि फालुद्यातला सब्जा यात धरायचा नाही.

पाण्याबद्दल तर मेसेज चक्क कमी बोलला. २०१० मध्ये छापलेल्या एका अमेरिकी अभ्यासात ५५ ते ७५ वयाच्या ४८ जणांना कमी कॅलरींचा आहार दिला. त्यातल्या निम्म्यांना प्रत्येक जेवणाआधी अर्धा लिटर पाणी प्यायला सांगितलं. बारा आठवड्यांत पाणी पिणाऱ्यांचं वजन दुसऱ्या गटापेक्षा सुमारे दोन किलो जास्त उतरलं. नळाचं पाणी, त्यात ना मध ना तूप.

इंजेक्शनशी बरोबरी मात्र हास्यास्पद आहे. जेवल्यावर आतड्यातून जीएलपी-१ नावाचं संप्रेरक स्रवतं आणि मेंदूला ‘पुरे’ म्हणून सांगतं. शरीरातलं हे संप्रेरक रक्तात दोनेक मिनिटांत निम्मं होतं. इंजेक्शनातला त्याच्यासारखाच रेणू, सेमाग्लुटाइड, मुद्दाम असा घडवला आहे की त्याला निम्मं व्हायला आठवडा लागतो, म्हणून ते इंजेक्शन आठवड्यातून एकदा. ते कुणी घ्यावं, हे डॉक्टरने ठरवायचं. दोन मिनिटं आणि आठवडा यांच्यामधली दरी स्वयंपाकघरातल्या चमच्याने बुजत नाही.

राहिलं ‘सातनंतर काही नाही’. हे लिहिणारा माणूस ठाणे स्टेशनवर संध्याकाळी सव्वासातला कधी उतरलेला नसावा. मी उतरते, रोज. डबा खाल्लेला असतो साडेबाराला. मधे चारला चहा आणि तीन-चार बिस्किटं. गोखले रोडवर वळेपर्यंत वड्याच्या वासाने पाय आपोआप थांबतात. ही भूक सातची नसतेच, ती दुपारच्या डब्यातून आलेली असते. दोन पोळ्या, बटाट्याची काचऱ्यांची भाजी, चिमूटभर लोणचं: यात प्रथिनं किती, चावायला किती? त्याच डब्यात मटकीची उसळ घातली (पन्नास ग्रॅम कोरड्या मटकीत दहाएक ग्रॅम प्रथिनं), काकडीची कोशिंबीर घातली, कधी ज्वारीची भाकरी नेली, तर चारपर्यंत आठवणही होत नाही. शंभर ग्रॅम ज्वारीत दहा ग्रॅम तंतू, पॉलिश केलेल्या तांदळात तीनसुद्धा नाहीत. बिस्किटांऐवजी मूठभर फुटाणे किंवा एक पेरू, आणि ग्लासभर ताक. शेंगदाणे चालतील, पण मूठ म्हणजे मूठ. तीस ग्रॅमला १७० कॅलरी होतात, आणि गप्पा मारताना कुणी मुठी मोजत नाही.

बिस्किटांवर राग काढतेय असं वाटेल, पण त्यालाही आधार आहे. अमेरिकेत केव्हिन हॉल यांच्या गटाने २०१९ मध्ये छापलेल्या अभ्यासात वीस जणांना संस्थेतच ठेवून दोन आठवडे कारखान्यात बनलेलं तयार खाणं दिलं आणि दोन आठवडे साधं शिजवलेलं. हवं तितकं खा म्हटलं. तयार खाण्यावर माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती, आणि भराभरा खात होती.

म्हणून तर मामलेदार कचेरीजवळची मिसळ मला अजूनही आवडते. तळाशी कडधान्य आहे, तिखट इतकी की घाईने खाताच येत नाही. वरचं फरसाण कमी करून मागते, आणि दुसरा पाव घ्यायचा की नाही यावर दर वेळी स्वतःशी भांडते.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं नाही. मावशींना फोन केला, कारण मला काळजी वेगळीच होती: काका मधुमेहाची गोळी घेतात, आणि आठवडाभर नाश्त्याऐवजी तेही तूप-पाणी घेत होते. मधुमेहाच्या काही गोळ्या आणि इन्शुलिन तुम्ही जेवलात की नाही हे विचारत नाहीत, साखर खाली आणतातच. घाम, थरथर, चक्कर, कधी शुद्धही जाते. मावशी म्हणाल्या, ‘अगं, परवा त्यांना घाम सुटला होता खरा, मला वाटलं तूप लागू पडतंय.’ त्याच दुपारी काकांना डॉक्टरांकडे नेलं. आता सकाळी मुगाची दोन धिरडी होतात, आणि तुपाचा चमचा पुन्हा वरणात गेला आहे.